स्वाइन फ्लूची तपासणी : कोणाची होते, सोबत काय न्यायचं, अर्जात काय लिहायचं

घशा-नाकातून घेतलेल्या नमुन्यासोबत एक अर्ज प्रयोगशाळेत जातो. नाव, वय, पत्ता हे रकाने सगळेच भरतात. सर्वांत जपून भरायचा रकाना मात्र वेगळा आहे : लक्षणं सुरू झाल्याची तारीख. "तीन-चार दिवस झाले असतील" असं मोघम सांगू नका, आठवून नेमकी तारीख लिहा. ओसेलटॅमिवीर हे फ्लूवरचं विषाणूरोधक औषध लक्षणांच्या पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. नमुन्यात विषाणू सापडण्याची शक्यताही पहिल्या तीन-चार दिवसांत जास्त असते. उशिरा घेतलेला नमुना निगेटिव्ह आला म्हणून आजार नव्हताच, असं ठरत नाही.

तपासणी प्रत्येकाची होत नाही, आणि ते योग्यच आहे. धडधाकट माणसाला नुसता ताप, खोकला, अंगदुखी असेल तर सहसा घरी वेगळं राहून विश्रांती पुरते. गर्भवती, 5 वर्षांखालची मुलं, 65 वर्षांवरचे, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी मात्र लक्षणं सौम्य असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. अशांना रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू केलं जातं. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर पडणं, गुंगी, बाळानं दूध न पिणं यांपैकी काहीही दिसलं तर कागद शोधत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. हा विषाणू फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया वेगानं वाढतो.

एरवी सोबत ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी ठेवा. विषाणूरोधक औषध आधीच सुरू असेल तर तेही अर्जात लिहा. अलीकडचा प्रवास आणि घरातलं दुसरं कोणी आजारी असल्यास तेही सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. नाव डुकरांवरून पडलं असलं तरी 2009 साली जगभर पसरलेला हा एच1एन1 विषाणू मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो.

रिपोर्ट येईपर्यंत मास्क लावून वेगळ्या खोलीत राहा. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका, त्यातून मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

लस 6 महिन्यांवरील बाळापासून पुढे घेता येते. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथीचा हंगाम सुरू होण्याआधीच नंबर लावा.