अमेरिकन बेसबॉलमधली ब्लॅक पोरं गेली कुठं?

जुलै १९४७. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात एफा मॅन्ली नावाच्या बाई न्यूअर्क ईगल्स ही ब्लॅक खेळाडूंची टीम चालवायच्या. नवराही मालक होता पण पगार, प्रवास, हिशोब सगळं बाईंच्या हातात. त्यांना मेजर लीगमधल्या (तिथली सगळ्यात वरची लीग, तोवर गोऱ्यांचीच) क्लीव्हलँडच्या टीमचे मालक बिल व्हेक यांचा फोन आला की तुमचा लॅरी डोबी आम्हाला हवाय. बाईंनी घासाघीस करून १५ हजार डॉलर पदरात पाडून घेतले, १० आधी आणि ५ तो टिकला तर. ही रक्कम काही फार नव्हती, तोच पोरगा गोरा असता तर कितीतरी पट मागता आले असते हे बाईंना पक्कं माहीत होतं, पण निदान काहीतरी मिळालं, कारण ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने जॅकी रॉबिन्सनला (१९४७ ला मेजर लीगमध्ये खेळलेला, कित्येक दशकांतला पहिला ब्लॅक खेळाडू) कॅन्सस सिटी मोनार्क्स या ब्लॅक टीममधून उचललं तेव्हा मोनार्क्सच्या हातावर एक छदामही टेकवला नव्हता.

आज दर १५ एप्रिलला मेजर लीगचे सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ नंबर घालतात, भाषणं होतात, ते छानच आहे. पण त्या गोष्टीची हिशोबवही कोणी उघडत नाही. ईगल्स १९४६ ला निग्रो लीग्सची (ब्लॅक खेळाडूंच्या वेगळ्या लीग्स) वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल जिंकलेली टीम होती, आणि त्यानंतर दोन सीझनमध्ये ती विकून ह्यूस्टनला गेली सुद्धा! प्रेक्षक रॉबिन्सनला बघायला ब्रुकलिनला जायला लागले, इकडे तिकिटं कोण घेणार. त्यात ईगल्स ज्या रुपर्ट स्टेडियममध्ये खेळायचे ते मेजर लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीजच्या मालकीचं, म्हणजे ब्लॅक प्रेक्षकांच्या तिकिटातून भाडं जायचं ते पण गोऱ्या क्लबला, ज्या क्लबने १९५५ पर्यंत मेजर लीगमध्ये एकही ब्लॅक खेळाडू खेळवला नव्हता.

आणि मुळात ब्लॅक खेळाडूंना हे दार बंद झालं त्या प्रकरणात पण हेच न्यूअर्क आहे. १८८७ ला इथल्या टीममध्ये जॉर्ज स्टोव्ही पिचर आणि मोझेस फ्लीटवूड वॉकर कॅचर, दोघंही ब्लॅक. वॉकर त्याआधी १८८४ ला टोलेडोकडून तेव्हाच्या मेजर लीगमध्ये खेळून आलेला (किती मॅचेस, तर ४२, योगायोगच). जुलैमध्ये शिकागोची टीम मॅचला आली, तिचा कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन म्हणाला यांच्याबरोबर खेळणार नाही, स्टोव्हीला बसवलं, आणि त्याच दिवशी न्यूअर्क ज्या लीगमध्ये होती तिच्या मालकांनी ठरवलं की इथून पुढे ब्लॅक खेळाडूंशी नवे करार नाहीत. वरच्या लीग्समध्ये तर असं काही कागदावर लिहिलंही नाही कधी, आपापसात समजून घेतलं आणि ते साठ वर्षं चाललं.

त्यातही रंगाची पट्टी लावून मोजणं चालूच होतं. १९११ ला सिनसिनाटीने दोन क्यूबन खेळाडू घेतले, अल्मेडा आणि मार्सान्स, आणि ते कसे अस्सल युरोपियन रक्ताचे आहेत हे लोकांना पटवून देण्याची खटपट झाली. मार्टिन डिहिगो हाही क्यूबनच, सगळ्या पोझिशन्सवर खेळू शकणारा माणूस, पण रंग गडद, म्हणून आयुष्यभर मेजर लीगच्या बाहेर. आजही आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला लागतं, कारण आफ्रिकन-अमेरिकन खेळाडूंची टक्केवारी सांगतात त्यात डोमिनिकन, क्यूबन ब्लॅक खेळाडू धरत नाहीत. मैदानावर काळे चेहरे बरेच दिसतात, अमेरिकेत वाढलेले कमी.

तर १९२० ला रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीच्या वायएमसीएत बाकी मालकांना जमवून निग्रो नॅशनल लीग काढली. त्यात नुसते खेळाडूच नाही, मॅनेजर (म्हणजे टीमचा मुख्य कोच), स्काउट (नवी पोरं हेरणारे), बऱ्याच टीमचे मालक, सगळे ब्लॅक. १९४७ नंतर मेजर लीगने यातून मुख्यतः खेळाडूच घेतले, बाकीच्यांना फारसं कोणी विचारलं नाही. पहिला ब्लॅक मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, यायला १९७५ उजाडलं. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं, म्हणजे गल्लीतल्या पोराला हेरून त्याच्यावर पैसे घालणारी त्याचीच माणसं होती ती व्यवस्थाच गेली.

खेळाडू मात्र वाढत गेले. १९५९ ला बॉस्टन रेड सॉक्सने सगळ्यात शेवटी पम्प्सी ग्रीनला खेळवलं, १९७१ ला पिट्सबर्गने एका मॅचला नऊच्या नऊ ब्लॅक आणि लॅटिनो खेळाडू उतरवले, आणि १९८१ ला आफ्रिकन-अमेरिकन खेळाडूंचं प्रमाण १८.७ टक्क्यांवर पोचलं. गेली काही वर्षं ते ६ टक्क्यांच्या आसपास अडकलंय. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर ह्यूस्टन आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडे मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही ब्लॅक खेळाडू नव्हता, १९५० नंतर पहिल्यांदाच.

यावर नेहमीचं उत्तर काय, तर पोरांना आता बास्केटबॉल आवडतो. आवडतो ना, पण आवड पण खिशाला परवडेल तिकडे जाते. १९६५ ला ड्राफ्ट सुरू झाला, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत. त्याआधी ज्या क्लबच्या स्काउटला पोरगा सापडला तो क्लब त्याच्याशी थेट करार करू शकायचा. ड्राफ्टनंतर तुम्ही शिकागोतल्या एखाद्या पोरावर दहा वर्षं खर्च करा, त्याला नेणार भलताच क्लब. मग खर्च करतंय कोण? डोमिनिकन रिपब्लिक या ड्राफ्टच्या बाहेर आहे, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोराशी थेट करार होतो, म्हणून तीसच्या तीस क्लबांच्या तिथे अ‍ॅकॅडमी आहेत, राहणं, जेवण, कोच सगळं क्लबच्या खर्चाने. (तो काही स्वर्ग नाही, पोरं शाळा सोडतात, मधले एजंट कमिशन खातात, तो वेगळा विषय.) पोर्तो रिको १९९० ला ड्राफ्टमध्ये घेतलं, आणि तिथून येणारे खेळाडू नंतर कमी झाले त्याचा दोष बरेच जण याच नियमाला देतात.

अमेरिकेत मग हा खर्च आईबापांवर आला. ट्रॅव्हल टीमची (गावोगावी खेळायला जाणारी खाजगी टीम) फी, दर वीकेंडला दुसऱ्या गावात स्पर्धा, हॉटेल, पेट्रोल, वर खाजगी कोच. स्काउट आता म्युनिसिपालिटीच्या मैदानावर फिरत नाहीत, जिथे एकाच जागी शंभर पोरं बघायला मिळतात त्या शोकेसला जातात, आणि शोकेसला एंट्री फी असते. नुसती बॅट घ्या, चांगली अ‍ॅल्युमिनियम किंवा कॉम्पोझिट बॅट ३००-४०० डॉलरला, आणि २०१८ ला लिटल लीग या लहान पोरांच्या लीगने बॅटचं स्टँडर्ड बदललं तेव्हा नवा शिक्का नसलेली धातूची बॅट चालेनाशी झाली, मोठ्या भावाची बॅट धाकट्याला देऊन भागवणाऱ्या घरांनी काय करायचं?

बरं कॉलेज तरी? अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या कॉलेज टीमला ८५ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या. बेसबॉलला ११.७! हो, पॉइंट सात. त्या पस्तीस जणांच्या टीममधल्या सत्तावीस जणांपर्यंत तुकडे करून वाटायच्या, म्हणजे बहुतेकांना उरलेली फी घरून. २०२५ मध्ये ही मर्यादा गेली खरी, पण पैसे घालणं त्या त्या कॉलेजच्या मर्जीवर. कॉलेज टाळून थेट मायनर लीगला (मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू तयार करणाऱ्या लीग्स) गेलं तर खालच्या लेव्हलला २०२२ पर्यंत किमान पगार वर्षाला ११ हजार डॉलर होता, युनियन झाल्यावर २०२३ पासून २६,२०० झाला.

लीगने काही केलं नाही असं नाही, १९८९ ला जॉन यंग या माजी खेळाडूने लॉस एंजेलिसमध्ये आरबीआय हा शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या पोरांसाठीचा प्रोग्रॅम सुरू केला तो नंतर लीगने हातात घेतला, २००६ ला जवळच्याच कॉम्पटनमध्ये फुकट अ‍ॅकॅडमी काढली. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात चार ब्लॅक पोरं आली आणि चौघंही लीगच्या अशाच प्रोग्रॅममधून आलेली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रू जोन्स, कुमार रॉकर (आई भारतीय वंशाची, नाव त्यामुळेच), टर्मार जॉन्सन, एलायजा ग्रीन. पण त्यांची घरं बघा. जोन्सचे वडील अँड्रू जोन्स, मेजर लीगचे स्टार. रॉकरचे आणि ग्रीनचे वडील दोघंही एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात वरची लीग खेळलेले.