मार्केट तापलंय, सगळे काढून घेऊ का?

सेन्सेक्सनं नवा उच्चांक गाठल्याची बातमी आली की दुपारी अडीच ते तीन आमच्या म्युच्युअल फंडाच्या ऑफिसचा फोन थांबत नाही. तीनच्या आत अर्ज गेला तर त्याच दिवसाची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, मिळते, म्हणून घाई. प्रश्न ठरलेला: "सगळे पैसे काढून घेऊ का? मार्केट पडलं की परत टाकू." घाईच्या फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

अडचण त्या "सगळे"मध्ये आहे. काढायला एक सही पुरते, परत कधी घालायचे हे मात्र ठरत नाही. मार्केट यार्डातले आमचे एक ग्राहक नोव्हेंबर 2020 मध्ये, सेन्सेक्स पुन्हा 42,000 वर आल्यावर, सगळं काढून मोकळे झाले. मार्चची पडझड ताजी होती, त्यांची भीती आम्हाला कळत होती. जानेवारीत 50,000 झाले, तेव्हा "जरा खाली येऊ दे" म्हणाले. सप्टेंबर 2021 मध्ये 60,000 ओलांडल्यावर परत आले. तोवर रक्कम बचत खात्यात पडून. हळदीचा माल हाच माणूस कधी एका सौद्यात काढत नाही, चार टप्प्यांत काढतो.

मार्केट किती वर गेलंय यापेक्षा तुमचे पैसे कधी लागणार, हे आधी बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. पण नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस त्याआधीच सामान वर चढवायला लागतो, उंचावरच्या विश्रामबागेत तेवढी घाई नसते. तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे, म्हणजे मुलीचं लग्न, कॉलेजची फी, घराचं बांधकाम, हे सखल भागातलं घर समजा. ते मार्केट चढं असतानाच टप्प्याटप्प्यानं लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या, कमी चढउताराच्या फंडात) किंवा एफडीत न्या. मे 2020 मध्ये लग्न असलेल्या एका कुटुंबाला आम्ही जानेवारीतच हे सांगितलं होतं. "अजून थोडं वाढू दे" म्हणून ते थांबले. 23 मार्चला एका दिवसात सेन्सेक्स 3,935 अंक पडून 25,981 वर बंद झाला.

बाकीच्या पैशांसाठी आमची पद्धत साधी आहे. समजा दहा लाखांपैकी 6 लाख इक्विटीत (शेअर्सच्या फंडांत), 4 लाख डेटमध्ये (कर्जरोख्यांच्या फंडांत) ठेवायचं ठरलं. काही वर्षांत इक्विटीचे 9 लाख झाले, डेटचे 4.40. एकूण 13.40 लाखांचे साठ टक्के 8.04 लाख. म्हणजे 96,000 काढून डेटमध्ये टाकायचे, बस. मार्केट पडलं तर हेच उलट करायचं. 6 लाख एकरकमी घातले असतील तर या 96,000 मध्ये नफा फक्त 32,000. वर्षाहून जुन्या इक्विटी युनिटवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यामुळे दुसरा असा नफा नसेल तर कर शून्य. तेच पूर्ण 9 लाख काढलेत तर 3 लाखांच्या नफ्यातले पावणेदोन लाख करपात्र: साडेबारा टक्क्यांनी 21,875 रुपये, वर सेस. वर्षाच्या आत काढलेत तर कर 20 टक्के, आणि बहुतेक इक्विटी फंडांत 1 टक्का एक्झिट लोडही, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्कही, जातो.

काही जण तोंडावर विचारतात, "तुमचं कमिशन बुडतं म्हणून काढू देत नाही ना?" कमिशन आम्हाला फंड कंपनीकडून मिळतं, ते आम्ही लपवत नाही. पण इक्विटीतून डेटमध्ये नेलेल्या पैशावर ते साधारण कमीच होतं, तरी दरवर्षी आम्हीच तुम्हाला तसं करायला सांगतो. मार्केटचा माथा कुठे आहे हे आम्हाला कळत नाही, आणि कळतं असं सांगून आम्ही कुणाकडून सही घेणार नाही.

प्रमाण तपासायला वर्षातून एकदा, शक्यतो फेब्रुवारीत या, म्हणजे 31 मार्चच्या आत करमुक्त मर्यादा वापरता येते. अर्धा तास लागतो, फी नाही. दुसरीकडे घेतलेले फंड असले तरी स्टेटमेंट घेऊन या, तेही मोजून देतो. फोलिओत (फंडातल्या तुमच्या खात्यात) नोंदवलेलं बँक खातं चालू आहे ना, एवढं मात्र घरूनच बघून निघा. पैसे त्याच खात्यात जमा होतात.