दादागिरीला प्रेक्षक लागतात

शाळेतल्या मैत्री-भांडणांवरच्या बालकादंबऱ्यांत त्रास देणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज आणखी एक मूल हमखास असतं. ते सगळं बघतं, पण गप्प राहतं. संशोधकांचं त्याच्याकडे लक्ष जायला मात्र बराच वेळ लागला.

शालेय दादागिरीचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९७०च्या दशकात स्कँडिनेव्हियात डॅन ओल्व्हेउस यांनी सुरू केला. नॉर्वेत तीन मुलांनी छळाला कंटाळून आत्महत्या केल्याच्या बातमीनं देश हादरला आणि १९८३मध्ये सरकारनं शाळांसाठी देशव्यापी मोहीम काढली. सुरुवातीच्या अभ्यासांचा भर साहजिकच दोघांवर होता: मारणारा असा का, आणि मार खाणारा नेमका हाच का?

पुढे कॅनडात टोरांटोच्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन बसवले. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. त्यातली कुणी मध्ये पडली, असे प्रसंग जेमतेम १९ टक्के. पण मध्ये पडल्यावर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! शिक्षक व्हरांड्यातून मैदानात पोचेपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६मध्येच वर्गातल्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या होत्या. कुणी दादाला हात देतो, कुणी नुसता खिदळतो, कुणी बाजूला सरकतो, कुणी सोसणाऱ्याची बाजू घेतो. खिदळणाऱ्याला आपण काही केलं असं वाटतच नाही, पण दादाला हवा असलेला रुबाब त्याच्याच हसण्यातून मिळतो. याच विचारातून तुर्कू विद्यापीठात ‘किवा’ हा कार्यक्रम तयार झाला. त्यात शिक्षक वर्गातल्या वट असलेल्या दोन-चार समंजस मुलांना बोलावून त्रास होणाऱ्या मुलाला सोबत द्यायला सांगतात. दादाला नुसतं दटावण्यापेक्षा हे मला जास्त हुशारीचं वाटतं.

सोबतीचा परिणाम शरीरातही दिसतो. माँट्रियलमधल्या एका अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांची लाळ दिवसातून अनेकदा तपासली. वाईट प्रसंग एकट्यानं झेलला, तर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढायचं. जवळचा मित्र शेजारी असला, की ती वाढ दिसत नसे. मित्रानं भांडायलाच हवं असं नाही, नुसतं असणंही पुरतं.

सुरुवातीला म्हटलेल्या बालकादंबऱ्यांत बऱ्याचदा घरही बदलत असतं: आईवडील वेगळे होतात, सावत्र भावंडं येतात. १९९१मध्ये अमेरिकेत ९२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घटस्फोटित पालकांची मुलं सरासरीनं थोडी मागे दिसली, पण फरक लहान होता. सतत भांडणाऱ्या, तरीही एकत्र राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलांची अवस्था त्याहूनही बिकट होती.

मात्र घर मोडताना अनेकदा शाळाही बदलते, आणि जवळचा मित्र नेमका त्याच वर्षी सुटतो. मूल आठवडाभर कुणाकडे राहणार हे मोठी माणसं तासन्‌तास ठरवतात. मधल्या सुट्टीत ते कुणाशेजारी डबा खाणार, हे त्या बैठकीत क्वचितच निघतं.