बैलघोडा हॉस्पिटल

मुंबईच्या परळ भागातील ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालया’चे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. ते ‘बीएसपीसीए’ या प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्थेतर्फे चालते. त्याला नुसता जनावरांचा दवाखाना म्हटले तर अर्धीच ओळख होते. मारहाण झालेले जनावर मालकाकडून सोडवले, तर ते ठेवायचे कुठे आणि त्याच्या वैरणीचा खर्च कोणी करायचा, हा या कामातला सर्वांत चिवट प्रश्न. परळच्या आवारात त्याची सोय झाली.

ही संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. गोदीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून जात. जादा ओझे, जोखडाने सोललेले खांदे, पराणीच्या जखमा, लंगडत असूनही जुंपलेले घोडे हे रस्त्यावरचे रोजचे दृश्य होते. पुढे १८८० च्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. साकरबाई या त्यांच्या पत्नी. या रुग्णालयाच्याच आश्रयाने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

निराधार जनावरे सांभाळण्याची रीत मुंबईला नवी नव्हती. भटके कुत्रे मारण्यावरून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली आणि १८३४ मध्ये भुलेश्वरचा पांजरपोळ निघाला. पण पांजरपोळात गेलेले जनावर सहसा तिथेच राही, तर रुग्णालयातले बरे होऊन बहुधा पुन्हा गाडीलाच जुंपले जाई. भूतदयेच्या दृष्टीने हे खटकते; गाडीवानाचे पोट मात्र त्याच बैलावर होते.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३५ मध्ये या व्यवस्थेची कायदेशीर चौकट सापडते. ज्याच्यावर अत्याचार झाला ते जनावर बरे होईपर्यंत शुश्रूषागृहात ठेवण्याचा किंवा पांजरपोळात पाठवण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. दाणावैरण आणि उपचारांचा खर्च मालकावर पडतो; त्याने तो भरला नाही, तर जनावर विकून वसूल करता येतो. खटला चालू असेपर्यंत जखमी प्राणी पोलिसांच्या लेखी मुद्देमालच असतो. फरक इतकाच, की या मुद्देमालाला दोन वेळ खायला लागते.

याच कायद्यातील कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. १९६० मध्ये त्याला काही वजन असेल. आज तो हास्यास्पद आहे. म्हणून गंभीर प्रकरणांत कार्यकर्ते भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लावण्याचा आग्रह धरतात. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंड संहितेत शिक्षा जनावराच्या किमतीवर ठरत असे. ती अट आता गेली.

घोड्यांच्या ट्राम १९०५ मध्ये बंद झाल्या. हौसेखातर चालणाऱ्या ‘व्हिक्टोरिया’ घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. नावातले बैल आणि घोडे असे रस्त्यावरून ओसरले, आणि कुत्री, मांजरे, पक्षी यांची गर्दी वाढली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमारास पंख कापलेल्या घारी आणि कबुतरे मुंबईतल्या प्राणी दवाखान्यांत येतातच.