दात हलण्याआधीचं रक्त

जालन्याच्या माझ्या मामांनी इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर, खालची दाढ बसवली, त्याला तीन वर्षं झाली होती. चूळ भरली की थुंकीत रक्ताची तार दिसायची. ‘दात दगडासारखा घट्ट आहे, दाखवायचं कशाला?’ असं म्हणत त्यांनी आठ महिने काढले. एक्स-रेत इम्प्लांटचे वरचे तीन आटे हाडाबाहेर आणि भोवती बशीसारखा खळगा दिसला.

घट्टपणावरचा हा भरवसा जुना आहे. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढताच येईना, हाड त्याला पक्कं धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. पुढची बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष हाड धातूला धरतं की नाही, यावरच होतं. १९८६ च्या निकषांत पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हाड झिजलं, तर इम्प्लांट यशस्वी मानला जाई.

जंतूंमुळे हाड खाल्लं जाणाऱ्या आजाराला ‘पेरी-इम्प्लांटायटिस’ हे नाव मिळालं १९८७ च्या सुमारास. १९९३ च्या युरोपीय परिषदेत दोन पायऱ्या वेगळ्या केल्या गेल्या: नुसती हिरडी सुजलेली, आणि हाडही गेलेलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासात रुग्णाच्या सर्वात कामाची गोष्ट हीच. पहिल्या पायरीवर कीटण नीट काढलं आणि घरची सफाई सुधारली, तर हिरडी पूर्ववत होऊ शकते. गेलेलं हाड मात्र सहसा पूर्ण भरून येत नाही. नुसत्या गोळ्या खाऊनही भागत नाही, कारण आट्यांना चिकटलेला जंतूंचा थर खरवडूनच काढावा लागतो. आणि खालचं हाड शाबूत असेपर्यंत इम्प्लांट हलत नाही, बहुतेकदा दुखतही नाही.

मराठवाड्यात ही गोष्ट जास्त बोचते. ज्यांचे दात पायरियानं गेले, त्यांनाच हा धोका मोठा, आणि आपल्याकडे दात जातात ते बऱ्याचदा पायरियानंच. त्यात तपासणीला लातूर नाहीतर संभाजीनगर गाठायचं, म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मग ‘हरभरा निघाला की जाऊ’ असं होतं. हिरडीतून रक्त आलं की त्याच आठवड्यात जा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

मामांची हिरडी उघडून आटे साफ केले. पू थांबला, दाढ वाचली. खळगा मात्र अर्धाच भरला. आता ते दर तीन महिन्यांनी सकाळच्या एसटीनं तपासणीला जातात, पेरणीच्या दिवसांतसुद्धा.