तीन तक्रारी, तीन वेगळ्या फायली

"सगळे सामील असतात!" ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघडकीला आलं, लोक रुळांवर उतरले, लोकल कित्येक तास अडल्या, आणि तेव्हापासून आमच्या ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे वाक्य ठरलेलंच आहे. शाळा असो, क्लास असो की मठ, बातमी आली की कोणीतरी ते टाकतंच. राग रास्त आहे. पण कटाच्या सिद्धांताने सगळं सुटत नाही. आरोपीला पाठीशी घालणाऱ्या अनेकांना आपण काही झाकतोय असं वाटतच नाही. आपण घाई न करता, समतोलपणे वागतोय असंच वाटत असतं.

'आपला माणूस' तयार व्हायला फार काही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या 14-15 वर्षांच्या मुलांचे गट पाडले. निमित्त काय, तर पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कोणी जास्त सांगितला आणि कोणी कमी. खरं तर वाटणी त्यावरूनही केली नव्हती, ती आंधळीच होती. मग मुलांनी इतरांना पैसे वाटायचे. पुढच्या अशाच प्रयोगातल्या एका तक्त्याच्या एका टोकाला आपल्या गटातल्याला 19 आणि दुसऱ्या गटातल्याला 25, तर दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला 7 आणि दुसऱ्या गटातल्याला 1. आपल्या गटातल्याला सर्वाधिक देणारं टोक सोडून मुलं उलट्या बाजूला सरकली. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण आपला पुढे हवा! मग वीस वर्षं एकत्र गणपती बसवणाऱ्यांचं काय होणार?

इथे एक पेच आहे. मानसशास्त्रज्ञ जोसे मार्केस यांनी 1988 मध्ये याच्या उलटं दाखवलं: वाईट वागणाऱ्या परक्यापेक्षा तसंच वागणाऱ्या आपल्या माणसावर लोक जास्त तुटून पडतात. नेदरलँड्सच्या फान प्रोइयन यांच्या 2006 च्या प्रयोगांनी या पेचाची उकल केली. गुन्हा जवळजवळ नक्की असेल तर आपल्याच माणसावर राग जास्त. शंकेला जागा असेल तर मात्र त्यालाच सूट. म्हणजे निर्दोषत्व सिद्ध करायची गरजच नाही, शंका तेवढी जिवंत राहिली पाहिजे.

आता शंका जिवंत कशी राहते ते पाहू. यासाठी थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचं सूत्र पुरतं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापलं गेलं. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरतोय. समजा, कोणत्याही प्रशिक्षकाबद्दल आपला सुरुवातीचा अंदाज 'दोषी 1, निर्दोष 20' असा आहे. आणि समजा, दोषी माणसाविरुद्ध तक्रार येण्याची शक्यता निर्दोष माणसाच्या 5 पट आहे. पहिली तक्रार आली की डावीकडच्या आकड्याला 5 ने गुणायचं: 5 ला 20, म्हणजे 20 टक्के. कोणीही म्हणेल, एवढ्यावरून एखाद्याचं आयुष्य बरबाद करायचं का? दुसरी आली: 25 ला 20, साधारण 56 टक्के. तिसरी: 125 ला 20, म्हणजे 86 टक्के.

तक्रारींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. पण गुणायला तिन्ही तक्रारी एकाच माणसासमोर हव्यात.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं इतिवृत्त माझ्या पाहण्यात आलं. बी विंगमध्येच राहणारे एक गृहस्थ मुलांना बॅडमिंटन शिकवायचे. नोंद अशी: "प्रशिक्षकांच्या वर्तनाबाबत एका सभासदाने तोंडी नाराजी व्यक्त केली. चर्चेअंती विषय सामंजस्याने मिटला." पुढच्या वर्षी कमिटी बदलली, सेक्रेटरी नवे. पुन्हा एक तोंडी तक्रार, पुन्हा तेच वाक्य, शब्द जवळजवळ तेच. आधीच्या नोंदीचा उल्लेख नाही. प्रत्येक कमिटीने आपापल्या परीने 20 टक्क्यांचाच निकाल दिला.

बॉस्टनच्या कॅथलिक चर्चमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या वृत्तपत्राने 2002 मध्ये उघड केलं, की एका पाद्र्याला तक्रारींनंतरही एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवलं जात होतं. त्याच्याविरुद्ध पुढे आलेले 130 हून अधिक होते. वरिष्ठांना माहिती होती, म्हणजे तिथे सामील असणं होतंच. पण बदली झाली की नव्या गावातल्या लोकांसाठी आकडा परत 1 ला 20.

गणितात एक अट आहे, ती लपवू नये: तक्रारी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. दोघींनी आधी बोलून ठरवलं असेल तर सरळ गुणाकार लागू नाही. म्हणूनच संस्थेचा पहिला बचाव 'त्यांनी संगनमत केलंय' हा असतो. कधी तो खराही असेल. पण तो तपासायचा असतो, नुसता म्हणायचा नसतो.

आणि हो, "मी डोळ्यांत बघून माणूस ओळखतो" म्हणणारे काका प्रत्येक कमिटीत असतात. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये शेकडो प्रयोगांची गोळाबेरीज केली, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाले. नाणं उडवलं तर 50.

पोक्सो कायदा, 2012, यातलं कलम 19 मला या दृष्टीने हुशार वाटतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाचालकाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. बदलापूरच्या प्रकरणात शाळेच्या चालकांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. किती टक्के खात्री झाली की पुढे जायचं, हे ठरवायचं काम कायद्याने कमिटीकडे ठेवलेलंच नाही. पहिल्या तक्रारीलाच, म्हणजे 20 टक्क्यांवरच, पोलिसांना फोन करायचा. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 हीसुद्धा आहे.