होडी आणखी जवळ का नेत नाही?

फाल्गुन-चैत्रातील भिगवण, कडबनवाडी आणि सिंहगड खोऱ्याच्या सहलींसाठी माहितीपत्रक

होळी जवळ आली की आम्हाला सर्वांत जास्त फोन येतात ते "रोहित नक्की दिसतील ना?" हे विचारायला. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर आलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सहसा पाऊस जवळ येईपर्यंत तिथेच असतात. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि पाण्यात उभे राहून चरणाऱ्या या पक्ष्याला हवी तशी उथळ जागा मिळते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये रोहित सापडायला फारशी अडचण येत नाही. खरी अडचण ते सापडल्यानंतर सुरू होते.

काठ सोडून दहा मिनिटे होत नाहीत तोच होडीत "काका, अजून थोडी जवळ घ्या" सुरू होते. नावाडी पाहुण्यांना नाही म्हणायला संकोचतो, होडी वीस-तीस मीटर पुढे सरकते आणि थवा उठतो. पुढचा अर्धा तास तो पुन्हा शोधण्यात जातो. बऱ्याचदा तो सापडतच नाही, कारण उठलेला थवा खोल पाण्यात बसत नाही. तो दुसऱ्या उथळ पट्ट्यावर जातो आणि तिथे होडीचा तळ गाळाला टेकतो. दीड तासाची फेरी अशी पहिल्या वीस मिनिटांत संपते. मागून येणाऱ्या होडीतल्या लोकांनाही रिकामे पाणी पाहावे लागते.

हे टाळता येते, कारण रोहित उडण्याआधी स्पष्ट सूचना देतो. चरताना त्याचे डोके खाली आणि चोच उलटी असते. तो चिखलपाणी गाळून खातो आणि त्यात गर्क असतो. होडी त्याला खटकली की आधी थव्याच्या कडेचे पाच-सात पक्षी माना ताठ करतात. तिथेच थांबायचे. दोन-तीन मिनिटांत माना पुन्हा खाली गेल्या, तर ते अंतर थव्याने मान्य केले असे समजावे. याउलट सगळे पक्षी एकाच दिशेला चालू लागले आणि कलकलाट वाढला, तर आपण आधीच फार पुढे आलो आहोत. होडी मागे घ्यावी लागते. यानंतरची पायरी म्हणजे पाण्यावर धावत जाऊन उड्डाण.

आमची पद्धत अशी आहे. थव्यापासून साधारण दोनशे मीटरवर इंजिन बंद होते. तिथून पुढे बांबूने, थव्याकडे सरळ न जाता तिरके. सरळ येणारी होडी पक्ष्याला चालून येणाऱ्या शत्रूसारखी वाटते, तिरकी जाणारी बाजूने निघून चालल्यासारखी. ऐंशी ते शंभर मीटरवर आम्ही थांबतो. आठ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो: चोचीचे काळे टोक, पिवळसर डोळा, पंखांच्या घडीतून डोकावणारा लाल रंग, सगळे. सकाळी नावाडी होडी थव्याच्या पूर्वेला नेतो, म्हणजे ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याच्या अंगावर पडते. यासाठी लागणारा वळसा वेळकाढूपणा नाही. पश्चिमेकडून पाहिलेला थवा नुसता काळा दिसतो.

"पण पंख उघडलेला फोटो हवा आहे" असे काही जण म्हणतात. ही इच्छा आम्हाला समजते. तो लाल-काळा पंख पाहण्यासारखाच आहे. सकाळच्या वेळी थव्यातले काही पक्षी आपण होऊन जागा बदलतात, पंख ताणतात, नवे पक्षी येऊन उतरतात. कॅमेरा तयार ठेवून एका जागी वीस-पंचवीस मिनिटे बसा. मोठे पक्षी वाऱ्याला सामोरे उडतात आणि उतरतात, म्हणून नावाडी वाऱ्याची दिशा पाहूनच होडी लावतो. मुद्दाम उडवलेला पक्षी तुमच्याकडे पाठ करून जातो आणि फोटोत शेपट्याच येतात. एखादी दुसरी होडी आमच्या पुढे गेलेली दिसेल. अशा वेळी आमच्या नावाड्याला घाई करू नका. तो याच पाण्यावर मासेमारी करत आला आहे आणि कुठे थांबायचे हे त्याला आमच्याहून चांगले कळते.

दुर्बीण काठावरच जुळवा

होडीत बसल्यावर "मला धूसरच दिसतंय" असे म्हणणाऱ्यांची दुर्बीण बहुधा चांगलीच असते, फक्त डोळ्यांना जुळवलेली नसते. निघण्याआधी पन्नासेक पावलांवरची पाटी धरा. उजवी बाजू हाताने झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्वच्छ करा. मग डावी बाजू झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. ही कडी दिवसभर तशीच राहू द्या. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबून किंवा फिरवून बसवा, नाही तर नळीतून पाहिल्यासारखे दिसते.

आमच्या सहलीत दोघांत एक ८×४२ (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण शुल्कातच मिळते. दहा पटीची का नाही, असे विचारले जाते. हलत्या होडीत हाताचा कंपही दहा पट होतो. काठावरून पाहण्यासाठी आम्ही तिकाटण्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, लावतो, त्यातून आजी-आजोबांनाही आरामात पाहता येते.

कधी कुठे

पट्टकादंब पाहायचे असतील तर फेब्रुवारी संपण्याआधी या. मार्चमध्ये हे हंस हिमालयापलीकडे परतू लागतात आणि एप्रिलमध्ये त्यांची चौकशी करून उपयोग नसतो. थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक या बदकांचेही थोड्याफार फरकाने तसेच. त्याऐवजी मार्चअखेर एक वेगळी गंमत असते: हिवाळाभर पांढऱ्या डोक्याने वावरणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोके जाण्यापूर्वी खरोखर तपकिरी होते आणि पिवळा धोबी हळदीसारखा पिवळाधमक होतो. चित्रबलाक, चमचा, शेकाट्या आणि नदी सुरय तेव्हाही असतात.

कडबनवाडीचा माळ भिगवणसारखाच इंदापूर तालुक्यात आहे, म्हणून आम्ही तो त्याच दिवशी दुपारी चारनंतर जोडतो. धाविक, माळटिटवी, चंडोल, सापमार गरुड, आणि नशीब असेल तर चिंकारा. गाडी वाटेवरून उतरणार नाही आणि तुम्हीही उतरू नका. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांसारखी दिसतात. पाय पडेपर्यंत कळत नाही. वन विभागाची परवानगी आम्ही काढतो, त्यासाठी सर्वांची नावे दोन दिवस आधी लागतात.

सिंहगड खोऱ्यात, आतकरवाडीच्या बाजूला, चालण्यापेक्षा बसणे महत्त्वाचे. ओढा आटत जातो तसे उरलेल्या डबक्यांवर पक्षी पाणी प्यायला आणि अंघोळीला येतात. स्वर्गीय नर्तक आणि टिकेलचा निळा माशीमार इथे पाहावेत. वाटेत फुललेला पळस किंवा पांगारा दिसला तर अर्धा तास त्याच्यासमोर काढा. शिंजीर, कोतवाल, भोरड्यांचे थवे एकाच झाडावर भेटतात. नवरंग पक्ष्याची विचारणा मार्चपासूनच सुरू होते, पण तो मे संपता संपता, वळवाच्या पावसाच्या सुमारास येतो. त्याची सहल आम्ही वेगळी काढतो. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे आमच्या सहलीत चालत नाही. हा घरटी करण्याचा काळ आहे, आणि आवाज ऐकून धावून आलेला नर आपले काम सोडून आलेला असतो.

निघताना

भिगवणसाठी गाडी पुण्यातून पहाटे चारला सुटते. ही वेळ आम्ही बदलत नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि उजाडताना होडी पाण्यात असावी लागते. नऊनंतर पाण्यावर ऊन चमकते, हवा थरथरते आणि महागड्या कॅमेऱ्यातही पक्षी विरघळल्यासारखे येतात. कपडे खाकी किंवा मातकट हिरवे; पांढरा आणि लाल नको. टोपी, पाण्याची बाटली, होडीत तोल जाणार नाही अशी चप्पल. लाइफ जॅकेट आम्ही देतो, ते काठावर परत येईपर्यंत काढायचे नाही. एका होडीत आम्ही सहाच जण बसवतो, म्हणून शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. जमत असेल तर मधला वार निवडा. पाण्यावर होड्या कमी असतात आणि थवा त्याच अंतरावर जास्त वेळ निवांत चरत राहतो.